'मि प्याचे' म्हणजे 'मला आवडतं', मधे इंग्रजी कशाला?

पत्र:

ताई, लग्न होऊन इटलीत तोरीनोला आले त्याला आता आठ महिने झाले. मी लातूरकडची, बारावीपर्यंत मराठी माध्यम, इंग्रजी वाचता येतं पण बोलताना अडखळते. इथे सरकारी प्रौढ शाळेत इटालियनच्या क्लासला जाते आणि घरी मोबाईलवर इंग्रजीतून शिकवणारं अ‍ॅप करते. बाकी सगळं जमतंय पण 'प्याचेरे', म्हणजे आवडणे, या एका क्रियापदाने रडकुंडीला आणलंय. मागच्या आठवड्यात वरच्या मजल्यावरच्या आजींनी हेझलनटचा केक आणून दिला, दुसऱ्या दिवशी जिन्यात भेटल्या तर मी म्हटलं 'इओ प्याच्चो तोर्ता', त्या हसल्या, प्रेमानेच हसल्या, पण मला मेल्याहून मेल्यासारखं झालं आणि तेव्हापासून त्यांची प्लेट परत द्यायलाही वर गेले नाहीये. क्लासमधल्या पेरूच्या आणि रोमानियाच्या बायकांचं हे कधीच चुकत नाही. सारखं वाटतं, इंग्रजी मीडियमला असते तर मलाही जमलं असतं. अजून दोन शंका. 'मि दिस्प्याचे' म्हणजे मला आवडत नाही, असंच ना? आणि आजींना 'तुम्ही मला खूप आवडता' म्हणायचंय, अ‍ॅपमधे 'मि प्याची' दिलंय ते चालेल का?
– गोंधळलेली, तोरीनो

उत्तर:

अगं, केकचं नंतर बघू, आधी ते इंग्रजी मीडियमचं डोक्यातून काढ. मी बरीच वर्षं पुण्यात इटालियन शिकवतेय आणि हे क्रियापद आलं की वर्गात जे सगळ्यात जास्त धडपडतात ते इंग्रजीतून विचार करणारेच असतात. इंग्रजीत 'आय लाइक केक' म्हणजे आवडून घेणारी मी, मी कर्ता, केक बिचारा पुढे. इटालियनमधे तसं नाहीच, म्हणून इंग्रजीतून लिहिलेली पुस्तकं पानंच्या पानं समजावत बसतात की याचा अर्थ लाइक नाही, 'इज प्लीझिंग टू' आहे, वाक्य आधी उलटं करा, मग भाषांतर करा. त्या मुलांना प्रत्येक वाक्य मनात उलटं करावंच लागतं. तुला काहीही उलटं करायचं नाहीये, कारण तू दीड-दोन वर्षांची असल्यापासून हे वाक्य बरोबर बोलतेयस.

मराठीत म्हणून बघ, 'मला केक आवडतो.' आवडतो कोण? केक. 'मला पोळी आवडते', 'मला लाडू आवडतात', बघ क्रियापद कुणाच्या मागे धावतंय, पोळीच्या, लाडवांच्या, आणि 'मला' आपला जागच्या जागी बसून आहे, त्याच्यामुळे क्रियापदाला काही फरक पडत नाही. शाळेत 'स ला ते, स ला ना ते' पाठ केलं होतंस ना, तोच हा 'ला'. इटालियनमधे त्या 'ला'चं काम 'आ' करतो, फक्त आपला शब्दाच्या मागे चिकटतो आणि त्यांचा पुढे येतो. मारियाला केक आवडतो, 'आ मारिया प्याचे ला तोर्ता'. आणि 'मला' साठी छोटा शब्द आहे 'मि', 'तुला' साठी 'ति'. मि प्याचे ला तोर्ता. मला आवडतो केक. झालं! एकच वस्तू असेल तर 'प्याचे', अनेक असतील तर 'प्याच्चोनो', म्हणजे मि प्याच्चोनो ले नोच्चोले, मला हेझलनट आवडतात. आवडतो आणि आवडतात, एवढाच तो फरक. उलट आपल्याकडे आवडतो-आवडते-आवडतं असं लिंगही बघावं लागतं, ते इथे वर्तमानकाळात नाहीच, म्हणजे मराठीपेक्षा सोपंच आहे की.

आता तुझ्या क्लासमधल्या बायका. त्या तुझ्यापेक्षा हुशार वगैरे काही नाहीत. पेरूची बाई घरी स्पॅनिश बोलते, त्यात 'मे गुस्ता' म्हणतात, शब्द वेगळा पण बांधणी हीच, मला आवडतं. रोमानियनमधे तर 'इमि प्लाचे' म्हणतात आणि ते 'प्लाचे' आणि हे 'प्याचे' दोन्ही लॅटिनच्या 'प्लाचेरे'पासूनच आलेत, सख्ख्या बहिणी म्हण. त्या बायका स्वतःच्या आईच्या भाषेतून सरळ इटालियनमधे उतरतात. तू मात्र मराठीतून इंग्रजीत जातेस, तिथे तो 'मला' टाकून 'आय' उचलतेस आणि तो 'आय' घेऊन इटालियनमधे शिरतेस, म्हणून 'इओ' आला. इओ म्हणजे मी. 'इओ प्याच्चो' म्हणजे 'मी आवडते'. आजींना ऐकू आलं असेल 'मी आवडते केक', आणि लहान मूल असं काही बोललं की आपण कसं हसतो, तसंच त्या हसल्या असतील. चूक तुझी नाही, रस्ता चुकीचा पकडला होतास.

पण एक सापळा खास आपल्या लोकांसाठी आहे आणि तो इंग्रजीवाल्यांना नाही, म्हणून नीट सांगते. त्यांचा 'मि' आपल्या कानाला 'मी' असा ऐकू येतो आणि 'ति' ऐकलं की वाटतं 'ती'. त्यामुळे पहिले काही दिवस 'मि प्याचे' म्हणताना आतून कुणीतरी म्हणतं की हा मी म्हणजे मीच, कर्ता मीच. नाही. मि म्हणजे मला, ति म्हणजे तुला. माझ्या विद्यार्थ्यांना मी वहीच्या पहिल्या पानावर हे मोठ्या अक्षरात लिहायला लावते आणि आठवडाभर रोज बघायला लावते, तूही लिही, फ्रिजवर लावलंस तरी चालेल. बाकीचेही घेऊन टाक, त्याला 'ल्यी', तिला 'ले', आम्हाला 'चि', तुम्हा सगळ्यांना 'वि', आणि त्यांना पण परत 'ल्यी'च. आणि आजींसारख्या मोठ्या माणसाला आदराने 'तुम्हाला' म्हणायचं असेल तरी 'ले' हाच शब्द, तिला आणि तुम्हाला दोन्ही एकच, बोलण्याच्या ओघात कळतं कोणाबद्दल चाललंय ते.

उच्चाराचं एक, 'प्याचे'मधला च चहातला, चमच्यातला नाही. आणि प्याच्चो, प्याच्चोनो मधे च्च नीट दाबायचा, सच्चा म्हणतो तसा. हे आपल्या लोकांना आपोआप जमतं.

भूतकाळ सांगितल्याशिवाय मात्र मी तुला सोडणार नाही, कारण मला स्वतःला या भाषेत सगळ्यात जास्त आनंद इथे झाला होता. आपण म्हणतो सिनेमा आवडला, भाजी आवडली, आंबे आवडले, पोळ्या आवडल्या. ला, ली, ले, ल्या. इटालियनमधे तो, ता, ती, ते. मि ए प्याचूतो इल रिसोत्तो, रिसोत्तो आवडला. मि ए प्याचूता ला तोर्ता, केक आवडला (तोर्ता त्यांच्याकडे स्त्रीलिंगी आहे, म्हणून ता). मि सोनो प्याचूती इ पेपेरोनी, ढोबळ्या मिरच्या आवडल्या, आणि मि सोनो प्याचूते ले मेलांझाने, वांगी आवडली. खाणारा पुरुष असो की बाई, 'प्याचूता' होणार ते तोर्तामुळे. नवराही 'मि ए प्याचूता ला तोर्ता'च म्हणणार, जसा तो मराठीत 'मला भाजी आवडली' म्हणतो, 'आवडला' म्हणत नाही. इंग्रजीतून येणाऱ्याला हे पटायला महिना जातो गं, बायका स्वतः बाई आहेत म्हणून 'ता' लावत बसतात, आणि आपल्याकडे चार वर्षांचं पोरही ते चुकत नाही. फक्त त्यांच्याकडे नपुंसकलिंग नाही आणि वस्तूंची लिंगं आपल्याशी जुळतीलच असं नाही, पाणी त्यांचं स्त्रीलिंगी आहे, तेवढं शब्दागणिक लक्षात ठेवावं लागेल, त्याला शॉर्टकट नाही.

आणि हे इथेच थांबत नाही. लहानपणी मला चिंचा आवडायच्या, हे 'आवडायच्या' सुद्धा त्यांच्याकडे आहे, एक असेल तर 'मि प्याचेवा', अनेक असतील तर 'मि प्याचेवानो'. 'मला यायला आवडेल' असं आपण जे सौम्यपणे म्हणतो ते 'मि प्याचेरेब्बे वेनीरे'. आलो असतो तर आवडलं असतं, तेसुद्धा आहे. आणि वाचायला आवडतं, स्वयंपाक करायला आवडतं असं एखादं काम आवडत असेल तर क्रियापदाचं मूळ रूप जसंच्या तसं लाव, मि प्याचे लेज्जेरे, मि प्याचे कुचिनारे, आणि दोन-तीन कामं एकत्र सांगितलीस तरी 'प्याचे'च राहतं, 'मला गायला आणि नाचायला आवडतं' सारखंच.

रोज लागणारं एक सांगते. कुणी म्हणालं मि प्याचे इल काफ्फे, आणि तुलापण आवडते, तर तू काय म्हणशील? अ‍ॅपवाली मुलं म्हणतात 'आंकिओ', म्हणजे मीपण. मराठीत कुणी म्हणालं 'मला कॉफी आवडते' तर आपण 'मीपण' म्हणतो का? 'मलापण' म्हणतो. तसंच म्हण, 'आंके आ मे'. मलापण नाही आवडत, 'नेआंके आ मे'. मला नाही बाई, 'आ मे नो'. आणि जोर देऊन 'मला मात्र आवडतं' म्हणायचं तर मि सोडून 'आ मे प्याचे'. तुला बाजारात 'आ मे मि प्याचे' असं डबलही ऐकू येईल, लोक बोलताना सर्रास बोलतात, पण शाळेत मास्तर लाल पेन चालवतात, तेव्हा परीक्षेच्या पेपरात तू लिहू नकोस.

जिथे मराठी मदतीला येणार नाही तेही सांगते. आपण नुसतं 'कॉफी' म्हणतो, ते 'इल काफ्फे' म्हणतात, आवडीनिवडी सांगताना हा इल, ला, इ, ले पुढे लागतोच, तुझ्या वाक्यात तोही गळला होता. दुसरं, बारमधे कॉफी मागताना प्याचेरे वापरायचं नाही. 'मला एक कॉफी पाहिजे' याला 'वोर्रेई उन काफ्फे'. आणि 'मला' दिसला की सगळीकडे 'मि' ठोकायचा नाही हं. मला भूक लागली, मला थंडी वाजते, मला दोन भाऊ आहेत, मला पोहता येतं, आपल्याकडे सगळीकडे मला, पण इटालियनमधे माझ्याकडे भूक आहे, माझ्याकडे थंडी आहे, माझ्याकडे भाऊ आहेत असं म्हणतात, ओ फामे, ओ फ्रेद्दो, ओ दुए फ्रातेल्ली, आणि पोहता येतं याला 'सो नुओतारे'. इथे मराठीवर विसंबलीस तर पडशील.

पण त्याच वेळी प्याचेरेच्या वळणाची अजून बरीच क्रियापदं आहेत आणि ती तुला आता फुकटात मिळाली. मि सेर्वे, मला लागतंय, मि सेर्वोनो दुए उओवा, मला दोन अंडी लागतायत. मि सेम्ब्रा, मला वाटतं. मि बास्ता, मला पुरे. पोर्ता पालात्सोच्या बाजारात भाजीवाला अजून काय देऊ विचारतो तेव्हा 'बास्ता कोझी' म्हण, बास एवढंच. आपल्या 'बास'शी त्याचं नातं नाही, दोघांची मुळं वेगळी, पण जिभेवर पटकन बसतं. आणि 'मि मान्का'. मि मान्का मिआ माद्रे. माझी आई इथे नाही आणि ते मला जाणवतंय. आपण म्हणतो आईची आठवण येते, ते म्हणतात आई मला उणी आहे, कर्ता आईच. आठ महिने झालेत, तुला हे वाक्य लागेल म्हणून मुद्दाम लिहितेय, वर्गात कुणी विचारलं कशी आहेस तर सांगायला संकोचू नकोस.

दिस्प्याचेचं. नाही, तो अर्थ नाही आणि ही चूक दुसऱ्याला लागू शकते म्हणून जपून. आवडत नाही म्हणजे सरळ 'नोन मि प्याचे'. 'मि दिस्प्याचे' म्हणजे मला वाईट वाटतंय. आजींनी सांगितलं की बहीण आजारी आहे, तर तू म्हणायचं 'मि दिस्प्याचे', आणि तिथे चुकून 'नोन मि प्याचे' गेलं तर फार विचित्र वाटेल. कुणी सुट्टे मागितले आणि नाहीयेत, 'मि दिस्प्याचे', सॉरी हो नाहीत. बसमधे कुणाच्या पायावर पाय पडला तर 'स्कुझी'. आणि कुणी विचारलं 'ले दिस्प्याचे से...', म्हणजे मी अमुक केलं तर तुमची काही हरकत, तर होकार द्यायला 'नो, नो, प्रेगो' म्हणतात, म्हणजे हरकत नाही, 'सी' म्हणालीस तर समोरचा बिचकेल. याच शब्दाची अजून दोन रूपं तू रोज ऐकत असशील, ओळख झाल्यावर हात मिळवताना नुसतं 'प्याचेरे', आणि काही मागताना 'पेर प्याचेरे', प्लीजसारखं.

आता आजींना 'मि प्याची' म्हणू का. नको गं. व्याकरण बरोबर आहे, मला तू आवडतेस, पण मराठीत हे वाक्य कॉलेजातल्या पोराने पोरीला म्हटलं की त्याचा जो अर्थ होतो तोच तिकडेही होतो, शिवाय त्यात 'तू' आहे, आणि वयाने एवढ्या मोठ्या बाईंना तू नाही म्हणायचं. ही गोष्ट नवऱ्याच्या ऑफिसातल्या लोकांच्या बाबतीत तर फारच लक्षात ठेव. आजींना म्हण 'लेइ ए मोल्तो जेंतीले', तुम्ही फार चांगल्या आहात, प्रेमळ आहात. पुढे ओळख वाढली, त्यांनीच तुला 'मला तू म्हण' असं सांगितलं, आणि असं त्या सांगतीलही, की मग एक सुंदर वाक्य आहे, 'ति वोल्यो बेने'. शब्दशः बघितलं तर मला तुझं भलं हवंय. आई, मावशी, मैत्रीण, लेकरू, सगळ्यांना म्हणतात. आपल्याकडे माया असते पण ती तोंडाने बोलायला वाक्यच नसतं, 'जेवलीस का' विचारून भागवतो, त्यांच्याकडे हे वाक्य आहे. 'ति आमो' वेगळं, ते नवऱ्यासाठी.

आणि ती प्लेट. अगं, शेजारणीचं भांडं रिकामं परत देत नाहीत हे तुला मी सांगायला नको. सुपरमार्केटात सेमोलिनो म्हणजे रवाच मिळतो, बटर कढवून तूप कर, रव्याचे लाडू वळ. तिथे त्या हेझलनटचं कौतुक किती आहे बघ, सगळा पिएमोंते प्रांत त्यासाठी प्रसिद्ध आहे आणि लांगेच्या डोंगरातला तो केक ही त्यांची घरची वस्तू आहे, ती त्यांनी तुला आणून दिली, तेव्हा आपलीही घरचीच वस्तू जायला हवी. वर जा, दार वाजव आणि आधी केकचं सांग, 'ला तोर्ता मि ए प्याचूता तांतीस्सिमो', केक मला खूपच आवडला. त्यांचं ऐकून घे, त्या बहुतेक केक कसा करतात ते सांगायला लागतील, तेव्हा म्हण 'मि प्याचेरेब्बे इम्पारारे', मला शिकायला आवडेल. मग लाडू पुढे कर आणि म्हण 'स्पेरो के ले प्याच्चानो', तुम्हाला आवडतील अशी आशा आहे. हे 'प्याच्चानो' जरा वरच्या इयत्तेतलं आहे, आत्ता फक्त पाठ कर, का ते पुढे कळेल.

मग दोन दिवसांनी जिन्यात भेटल्या की विचार, 'ले सोनो प्याचूती?' आणि त्या उत्तर देतील ते नीट कान देऊन ऐक, शेवटचं अक्षर 'ती' येतं का बघ. लाडू अनेक आहेत.